वीस मिनिटांत एकच मशीन

या सदरातले अनुभव माझी बायको नेमाने वाचते आणि मी नेमाने तिची टिंगल करतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आधीही नव्हता. कुणी म्हणालं अमुक झाडाखाली बाई दिसली, तर मी विचारायचो — किती वाजता, उजेड कुठून होता, तुझा चष्मा कुठे होता? तीन प्रश्नांत समोरचा गप्प व्हायचा. आता तेच तीन प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारलेत याची गणती नाही. दुपारी सव्वा वाजता. लख्ख उजेड होता. चष्मा डोळ्यांवर होता.

मी मूळचा तळवलीचा. आमच्या लोकांच्या शेतांवर हे कारखाने उभे राहिले आणि त्यातल्याच एका शेडमध्ये मी सतराव्या वर्षी झाडू मारायला लागलो. आज रबाळ्यात माझा स्वतःचा गाळा आहे. पत्र्याचे भाग ठोकून काढायला ज्या डाय लागतात, त्या आम्ही बनवतो. चौदा माणसं आहेत. हे मला कुणी दिलेलं नाही, एकेक गोष्ट भांडून मिळवली आहे, त्यामुळे घासाघीस माझ्या अंगातच मुरली आहे. डॉक्टरने पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या तर मी म्हणतो, दहा दिवसांत होईल का बघा. राग तर नाकाच्या शेंड्यावर. हे सगळं सांगायचं कारण पुढे कळेल.

शेजारचा गाळा काशिनाथचा, म्हणजे काशाचा. आम्ही एका आळीतले, एकाच वर्गातले. तो प्लास्टिकच्या झाकणांचे मोल्ड, म्हणजे साचे, बनवतो. आमच्या दोघांच्या धंद्यात खरी चीज म्हणजे ड्रॉइंग. डाय झिजली, मोल्ड तुटला तर ड्रॉइंगवरून पुन्हा बनतो. ड्रॉइंग गेलं तर सगळं गेलं. ही ड्रॉइंग प्रत्येकाच्या गाळ्यातल्या एका फाईल सर्व्हरवर असतात. सर्व्हर म्हणजे काही मोठं नाही — जिन्याखाली ठेवलेला, पडदा नसला तरी चालणारा एक कॉम्प्युटर. सगळी मुलंमुली आपापल्या टेबलावरून त्याच्यातल्याच फाईली उघडतात.

आम्ही दोघांनी मिळून एक सोय केली होती. मधल्या भिंतीला भोक पाडून एक वायर टाकली. काशाच्या सगळ्या ड्रॉइंगची नक्कल माझ्याकडच्या दुसऱ्या मशीनवर, माझी नक्कल त्याच्याकडे. एकाच्या गाळ्याला आग लागली तर दुसऱ्याकडे माल सुखरूप. माझ्या जिन्याखाली म्हणून दोन मशीन होती — डावीकडे माझा सर्व्हर, उजवीकडे काशाची नक्कल. काशा लोकांना सांगायचा, "माजी बँक रम्याच्या जिन्याखाली हाय."

ही सगळी यंत्रणा बसवली वाघमारेने. तो लातूरकडचा, घणसोलीत राहायचा. आमच्या रांगेतल्या बहुतेक गाळ्यांचे कॉम्प्युटर तोच बघायचा. बारीक चौकड्यांचा अर्ध्या बाहीचा शर्ट, लॅपटॉपची बॅग पाठीवर न घेता पोटावर लटकवलेली. बोलणं हळू, आणि तेच मला सहन व्हायचं नाही. हळू बोलणाऱ्याशी भांडता येत नाही.

सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये अधूनमधून भोकं सापडतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं तेच लोक ठिगळही पाठवतात, त्याला पॅच म्हणतात. तो लावायचा तर सर्व्हर थोडा वेळ बंद करावा लागतो आणि त्याआधी सगळ्यांनी फाईली सेव्ह करून बंद करायच्या असतात. वाघमारे प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगायचा, "ताई, फाईल बंद करा... दादा, फाईल बंद करा." मग माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहायचा.

"साहेब, दीड तास लागेल."

"अर्धा तास घे."

"अर्ध्या तासात तपासणं होत नाही, साहेब."

"मग तपासू नकोस. लाव आणि नीघ."

मी त्याच्या कामाच्या वेळेवरही घासाघीस करायचो. शुक्रवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी असते, तेव्हा तो आरामात करू शकला असता. पण मी शुक्रवारीही गाळा चालू ठेवायचो. शेवटी तो जेवणाच्या सुट्टीत उरकायचा. स्वतः कधी जेवायचा कुणास ठाऊक.

गेल्या वर्षी असाच एकदा त्याने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि माझ्या कॉम्प्युटरवर उघडं असलेलं एक ड्रॉइंग जुन्या मापांवर परत गेलं. मी सकाळपासून केलेल्या दुरुस्त्या सेव्हच झाल्या नव्हत्या. आमच्या ते लक्षात आलं नाही. जुन्या मापाने पोलाद कापलं गेलं, डाय फुकट गेली आणि दहा वर्षांचं गिऱ्हाईक दुसऱ्या रांगेतल्या माणसाकडे गेलं. मी वाघमारेला सगळ्यांसमोर झोडपला, म्हणजे तोंडाने. तो एवढंच म्हणाला, "मी तुम्हालाही सांगितलं होतं, साहेब. तुम्ही फोनवर होतात. तुम्ही 'कर' म्हणून हात केलात."

मी हात केला होता. मला आठवत होतं. तेव्हाही आठवत होतं. पण चौदा माणसांसमोर ते कबूल करणं मला जमलं नाही आणि मी वर्षभर त्याच्यावर डूख धरून बसलो. आता वाटतं, त्याने माझं नुकसान केलं म्हणून नव्हे... खरं काय झालं ते त्याला माहीत होतं, म्हणून.

मग यंदा ती भोकाची गोष्ट आली. वाघमारे एका सकाळी धावतच आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला होता.

"साहेब, हे नेहमीचं नाही. आपल्या शेअर फोल्डरमध्ये ज्याला ज्याला फाईल टाकायची परवानगी आहे, त्याने एक विशिष्ट फाईल टाकली की सर्व्हर ती स्वतःच चालवतो. मग आत आलेला माणूस सर्व्हरचा मालक. टाकणारा आपला माणूसच पाहिजे असंही नाही. एखाद्याच्या लॅपटॉपमध्ये काही शिरलं तरी पुरे."

"माझ्याकडे कोण शिरतंय? इथे डाय बनतात, सोनं नाही."

"ते बघत नाहीत साहेब आत काय आहे. उघडं दार बघतात. तुमच्या जिन्याखालच्या दोन्ही मशीनला करावं लागेल. काशिनाथशेठच्या नकलेचं पण."

मोठी ऑर्डर अर्ध्यात होती. मी नाही म्हणालो. तो चार दिवसांनी पुन्हा आला. पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मग मला लिहून द्या की मी सांगितलं होतं."

या वाक्यावर माझं डोकं फिरलं. मला त्यात मागच्या वर्षीचं ऐकू आलं. मी केबिनमधून बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "तू भीती विकतोस. घाबरवायचं आणि काम काढायचं, हा तुझा धंदा. पासवर्ड ठेव इथे आणि चालता हो."

त्याने खिशातून डायरी काढली, कागदावर पासवर्ड लिहिला, टेबलावर ठेवला. म्हणाला, "हा लगेच बदलून घ्या, साहेब. म्हणजे उद्या काही झालं तर माझ्यावर येणार नाही." आमच्या डिझायनर शुभांगीला कसा बदलायचा तेही त्याने उभ्याउभ्या सांगितलं आणि गेला. शुभांगीने पासवर्डची जागा उघडून दिली, नवा पासवर्ड मी स्वतः टाइप केला, कागदावर लिहिला आणि ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. तो शुभांगीलाही माहीत नव्हता.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण राग उतरेना. संध्याकाळी आमच्या रांगेच्या ग्रुपवर मी लिहिलं — वाघमारेपासून सावध राहा, खोट्या भीतीवर काम काढतो. मी जुना माणूस, माझ्या शब्दाला किंमत. चार-पाच जणांनी त्याला बंद केलं. पहिला बंद करणारा काशा. मला फोन करून म्हणाला, "तू सांगतस म्हंजे बगूनच सांगत असशील."

दोन महिने गेले. काही झालं नाही. मी मनात म्हणायचो, बघा.

आता तो बुधवार.

जेवणाची सुट्टी एकला होते. मुलं वरच्या पोटमाळ्यावर डबे खायला जातात, खाली मी एकटा असतो. मी केबिनमध्ये पोलादवाल्याशी फोनवर भांडत होतो. दार उघडंच होतं. मान वर केली तर दारात वाघमारे. तोच शर्ट, बॅग पोटावर. थोडा उतरलेला दिसला, एवढंच. मी फोनवर हात ठेवला.

"साहेब, आज द्या," तो म्हणाला. "चाळीस मिनिटं."

नमस्कार नाही, मधल्या भांडणाचा विषय नाही. मला वाटलं, काम सुटलं म्हणून पाय धरायला आलाय. मला — लिहायला लाज वाटते — बरं वाटलं. फोनवर पोलादवाला "हॅलो, हॅलो" करत होता.

"वीस मिळतील," मी म्हणालो.

"दोन मशीन आहेत, साहेब."

"वीस म्हणजे वीस. दीड-पावणेदोनला माणसं परत बसतात."

त्याने मान वळवून जिन्याखाली बघितलं. मग विचारलं, "वीस मिनिटांत एकच होईल. कुठलं करू?"

मी म्हणालो, "हे काय विचारणं झालं? माझं कर."

त्याने मान हलवली आणि जिन्याकडे वळला. मी फोनवर पुन्हा भांडायला लागलो. भांडण संपल्यावर बाहेर आलो तर कुणी नव्हतं. न सांगता गेला, म्हणून मला पुन्हा राग आला. टेबलाशी येऊन बसलो तर सकाळपासून उघडं ठेवलेलं माझं ड्रॉइंग बंद होतं. मी पुन्हा उघडलं — सगळ्या दुरुस्त्या जागच्या जागी, नीट सेव्ह केलेल्या. माझ्या टेबलाकडे तो आला कधी, हे मला कळलं नाही. मी तर पूर्ण वेळ केबिनमध्ये टेबलासमोरच येरझाऱ्या घालत होतो. पण त्या वेळी मी त्याचा विचार केला नाही. काम सुरू झालं.

शुभांगीने मात्र विचारलं, "सर, मधे सर्व्हर बंद होता का? मला जेवताना मोबाईलवर एक ड्रॉइंग बघायचं होतं, उघडेना."

"वाघमारे आला होता."

"हो? आम्ही जिन्याच्या तोंडाशीच बसलो होतो. दिसले नाहीत."

"तुमचं लक्ष डब्यात," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी काशा भिंतीपलीकडून ओरडला. मी पळत गेलो. त्याच्या सर्व्हरवरच्या एकूण एक फाईलचं नाव बदललं होतं. एकही उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी — पैसे पाठवा, मग किल्ली देऊ. रात्रीतून झालं होतं. काशा खुर्चीत बसून राहिला होता, पण घाबरला नव्हता. मला म्हणाला, "जाऊ दे. माजी बँक हाय ना तुज्याकडे. चल."

आम्ही माझ्या जिन्याखाली आलो. डावीकडचं मशीन, माझं — सगळं शाबूत. उजवीकडचं उघडून बघितलं. तीच बदललेली नावं. तीच चिठ्ठी.

काशाने दोनदा, तीनदा माउस दाबला. मग खाली जमिनीवरच बसला. अठरा वर्षांची ड्रॉइंग होती ती.

वाशीहून एक माहीतगार माणूस बोलावला. तो दिवसभर दोन्ही गाळ्यांत बसला. त्याने सांगितलं ते असं — काशाकडच्या एका लॅपटॉपमधून तो प्रकार आधी काशाच्या सर्व्हरमध्ये शिरला, त्याच भोकातून, ज्याच्याबद्दल वाघमारे सांगत होता. तिथून भिंतीतल्या वायरने माझ्याकडे आला. उजव्या मशीनमध्ये शिरला. डाव्याचंही दार त्याने पुष्कळ वेळा ठोठावलं, पण ते बंद होतं.

"इथे बुधवारीच पॅच लागलाय," तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "एक सतराला सुरुवात, एक सदतीसला पूर्ण. वीस मिनिटं. कुणी केलं? व्यवस्थित केलंय. पण मग बाजूचं कसं सोडलं? याला लावणारा त्याला लावल्याशिवाय कसा उठला?"

काशा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "वेळ कमी पडला असेल."

एवढंच म्हणालो.

मग त्या माणसाने विचारलं, "पासवर्ड कुणाकुणाकडे आहे? कारण हे बाहेरून आलेलं नाही. या मशीनचाच कीबोर्ड लावून, समोर बसून केलंय. पासवर्ड पहिल्या झटक्यात बरोबर टाकलाय." मी ड्रॉवर उघडून बघितला. कुलूप होतं तसं. कागद होता तसा. जुना पासवर्ड चालणं शक्यच नव्हतं, तो मी स्वतः बदलला होता.

सोमवारी मी वाघमारेला फोन लावला. काय बोलणार होतो ते आज प्रामाणिकपणे सांगतो — मी भांडणार होतो. दुसरं मशीन करायला पुन्हा का आला नाहीस, असं विचारणार होतो. फोन त्याच्या बायकोने उचलला.

"ते बोलू शकत नाहीत, भाऊ. आयसीयूत आहेत. आज आठवा दिवस."

"आठवा कसा? बुधवारी तर माझ्याकडे आले होते."

मग ती म्हणाली, "भाऊ, अशी चेष्टा करू नका. मागच्या सोमवारपासून नळी घातलीय तोंडात. झोपेचं औषध चालू आहे. बुधवारी तर डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलवा म्हणून सांगितलं होतं."

मी वाशीच्या हॉस्पिटलमध्ये गेलो. काचेतून बघितलं. तो वाघमारेच होता. दोन्ही हात पट्टीने पलंगाला बांधलेले, नळी ओढू नये म्हणून. बायको बाहेर बाकावर होती. तिने मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर ओळखलं, आणि तरी नीट बोलली. रबाळ्यातली कामं सुटल्यावर त्याने वाशीच्या मार्केटमध्ये कोल्ड स्टोरेजमध्ये कॅमेऱ्यांच्या वायरी ओढायचं काम धरलं होतं. दिवस दिवस त्या गारठ्यात. ताप अंगावर काढला. न्यूमोनिया झाला. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. मी विचारलं म्हणून सांगत होती. मीच त्याची कामं घालवली हे तिला माहीत होतं की नव्हतं, अजून मला कळलेलं नाही.

मी नर्सला बुधवारची वेळ विचारली. ती म्हणाली, त्या दुपारी एक-दीडच्या सुमाराला पेशंटचा ऑक्सिजन फार खाली गेला होता, सगळे त्याच्याभोवती होते, मग आपोआप सावरला. मी पुढे विचारलं नाही.

वाघमारे वाचला. महिन्याभराने मी घणसोलीला त्याच्या घरी गेलो. त्याआधी एक काम केलं होतं. ग्रुपवर लिहिलं होतं की मी वाघमारेबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं, त्याने सांगितलेलं प्रत्येक अक्षर खरं निघालं, आणि मागच्या वर्षीच्या डायची चूकही माझीच होती. ते लिहायला मला अर्धा दिवस लागला. लोकांनी खाली हात जोडल्याची चित्रं टाकली, झालं.

तो खाटेवर बसला होता. अर्धा झाला होता. मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. वाशीच्या माणसाने काढून दिलेली नोंद लॅपटॉपवर दाखवली. त्याने ती ओळ न् ओळ वाचली, दोनदा.

"हे मी करतो तसंच केलंय," तो म्हणाला. "आधी जुन्या सेटिंगची कॉपी काढायची, तिला तारीख घालायची, मग पॅच... माझीच पद्धत आहे. पण मी नव्हतो, साहेब. मला त्या आठवड्याचं काही म्हणजे काही आठवत नाही."

"मी तुला बघितलं. बोललो तुझ्याशी."

"काय बोललात?"

मी सांगितलं. चाळीस, वीस, आणि कुठलं करू. सगळं जसंच्या तसं.

त्याने लॅपटॉप मिटून मांडीवर ठेवला. आत त्याची बायको भांडी घासत होती. मला वाटलं, विचारेल — मी दिसलो कसा, कपडे कुठले होते, चालत आलो का. त्याने विचारलं, "काशिनाथशेठना सांगितलंत?"

"काय?"

"कुठलं करू म्हणून विचारलं होतं, ते."

"अरे, पण तूच म्हणतोस तू नव्हतास."

"मी नव्हतो," वाघमारे म्हणाला. "तुम्ही होतात ना, साहेब."

मी उठलो. दारात त्याला म्हणालो, बरा झालास की ये, माझ्याकडचं सगळं काम तुझंच, लागेल तेवढा वेळ घे. तो हळूच म्हणाला, "बाकीच्यांकडे जाईन. तुमच्याकडे नको. मी मरायला टेकलो होतो तेव्हासुद्धा तुमच्या दारात वेळ मागत उभा होतो, असं तुम्ही सांगायलात. मला ते ऐकून बरं वाटलं नाही."

ही गोष्ट मी चार महिने दाबून ठेवली. या चार महिन्यांत काशा काय करतो, तर जुने मोल्ड एकेक करून खोलतो, व्हर्नियर लावून मापं घेतो आणि ड्रॉइंग पुन्हा काढतो. ज्या ड्रॉइंगचे मोल्ड गिऱ्हाइकांकडे आहेत, ती गिऱ्हाइकं मोल्ड परत पाठवायला तयार नाहीत; ती ड्रॉइंग गेलीच. पाठ दुखते म्हणून तो स्टूलवर उशी घेऊन बसतो. मला भेटतो, बोलतो. मी चहा पाठवतो. माझ्या गाळ्यात ड्रॉइंग काढणारी एक मुलगी त्याच्या मदतीला दिली, तेव्हा त्याला वाटलं मी मोठ्या मनाचा आहे. गावात तसं सांगितलंही त्याने.

तेव्हा मी बसून हे सगळं लिहिलं, आत्ता तुम्ही वाचलंत तेवढं. इथे पाठवायच्या आधी प्रिंट काढून काल सकाळी त्याच्या गाळ्यात घेऊन गेलो. तोंडाने सांगायला गेलो असतो तर मी कुठेतरी दोन वाक्यं गाळली असती, मला मी माहीत आहे. त्याने चष्मा लावला आणि उभ्याउभ्या वाचलं. सावकाश वाचतो तो. "माझं कर" या ओळीवर पोचला ते मला त्याच्या बोटावरून कळलं, कारण बोट तिथे थांबलं. मग पुढचं शेवटपर्यंत वाचलं.

"मना येक सांग," तो म्हणाला. "कुठलं करू म्हून इचारलं, तवा माजं नाव आलतं का तुज्या डोक्यान?"

नाही म्हणणं सोपं होतं. गडबडीत होतो, फोनवर होतो, सगळं खरंच होतं.

"आलं होतं," मी म्हणालो.

त्याने कागदाची घडी घातली, शर्टच्या खिशात ठेवली, स्टूलवर बसला आणि समोरच्या मोल्डला व्हर्नियर लावला. माप घेतलं, लिहिलं, पुढचं घेतलं. मी माझ्या गाळ्यात परत आलो.

हात बांधलेला, बेशुद्ध माणूस वाशीहून रबाळ्याला कसा आला, कुलपातला पासवर्ड त्याला कसा कळला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. वाशीच्या त्या माहीतगाराकडे नाही, वाघमारेकडेही नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. काशाने तेवढं सगळं वाचलं, पण त्यातलं त्याने काही विचारलं नाही.